मेंदूसंशोधकाचे पेपर आणि सायटेशन्स कसे वाचावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या मेंदूसंशोधकाचं गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधायच्या सेवेवरचं पान उघडलं की उजव्या हाताला तीन आकडे दिसतात: एकूण सायटेशन्स (त्याच्या पेपरना इतर पेपरनी दिलेले संदर्भ), आणि त्यांवरून काढलेले एच-इंडेक्स आणि आय-टेन इंडेक्स. गाईड शोधणारे विद्यार्थी, निवड समितीवरचे सदस्य, बातमी लिहिणारे पत्रकार, सगळ्यांची नजर आधी तिथे जाते आणि पुष्कळदा तिथेच थांबते. मेंदूविज्ञानात असं थांबणं फार महागात पडतं. या एका नावाखाली एकमेकांशी जेमतेम नातं असलेली कामं येतात. कोणी एकाच चेतापेशीतून वाहणारा प्रवाह मोजतं, कोणी हजारो माणसांच्या मेंदूची स्कॅन्स तपासतं, कोणी फळमाशीवर काम करतं, कोणी पार्किन्सनच्या रुग्णांवर. या सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली की चांगल्या माणसांवर अन्याय होतो. आधी काम कोणत्या जातीचं आहे ते ओळखायचं आणि मग आकडा वाचायचा, या क्रमाने खालची उत्तरं लिहिली आहेत.

संशोधकाच्या प्रकाशनांत काय काय धरायचं?

मूळ संशोधनाचे पेपर हा गाभा. त्याखेरीज रिव्ह्यू लेख (इतरांच्या कामाचा आढावा), नवी पद्धत किंवा सॉफ्टवेअर मांडणारे पेपर, पुस्तकांतली प्रकरणं, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच खुले केलेले पेपर) आणि सर्वांसाठी खुले केलेले डेटासेट. परिषदेतल्या पोस्टरचा सारांश प्रयोगशाळेतल्या मेंदूविज्ञानात पेपर म्हणून धरत नाहीत. सोसायटी फॉर न्यूरोसायन्सच्या वार्षिक अधिवेशनातले सारांश घालून यादी लांबवलेली दिसली, तर ते बाजूला काढून उरलेलं मोजावं. संगणकीय मेंदूविज्ञानात रीत उलटी आहे. तिथले लोक न्यूरिप्ससारख्या मशीन लर्निंगच्या परिषदेत पूर्ण पेपर देतात, त्याचं कडक परीक्षण होतं आणि त्याचं मोल चांगल्या जर्नलमधल्या पेपरइतकं असतं.

हे आकडे कुठे बघायचे? आणि तीन ठिकाणी तीन वेगळे का दिसतात?

गूगल स्कॉलर आणि एल्सेव्हिअरचं स्कोपस, दोन्ही २००४ पासून आहेत. वेब ऑफ सायन्स त्याहून जुनं, सध्या क्लॅरिव्हेट कंपनीकडे. पबमेडवर जीववैद्यकीय पेपर शोधता येतात. ऑर्किड हा २०१२ साली सुरू झालेला सोळा अंकी ओळख क्रमांक आहे. त्यावर सायटेशन्स मोजत नाहीत, पण एकाच नावाच्या दोन माणसांची कामं वेगळी ठेवण्यासाठी तो फार उपयोगी पडतो.

आकडे जुळत नाहीत कारण प्रत्येक जण वेगळी जागा झाडून घेतो. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, पुस्तकं, विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर ठेवलेल्या पीडीएफ असं सगळं वेचतं, त्यामुळे त्याचा आकडा जवळपास नेहमीच मोठा निघतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स ठरावीक निवडलेली जर्नल्सच धरतात. म्हणून एकाचा आकडा स्कॉलरवरून आणि दुसऱ्याचा स्कोपसवरून घेऊन तुलना करू नये. आकडा लिहिताना कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला, हे सोबत लिहावं.

गूगल स्कॉलरवर आणखी एक तपासणी करावी. तिथलं पान संशोधक स्वतः बनवतो आणि सॉफ्टवेअर त्यात आपोआप पेपर भरत राहतं. नाव सामान्य असेल तर परक्याचे पेपर घुसतात. मेंदूसंशोधकाच्या यादीत अचानक काँक्रीटच्या ताकदीवरचा पेपर दिसला, तर वरचा एकूण आकडाही तितकाच संशयास्पद समजावा.

एक सायटेशन म्हणजे नेमकं काय?

एका पेपरच्या संदर्भसूचीत दुसऱ्या पेपरचं नाव येणं, एवढंच. या नोंदींतून विज्ञानाचा शोध घेता येईल ही कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स प्रत्यक्षात आला. गारफिल्ड यांना मुख्यतः हवं होतं ते असं की, एखादा जुना पेपर हाती आल्यावर पुढे त्याच्यावर कोणी काय काम केलं, कोणी त्यात चूक दाखवली, हे वाचकाला सापडावं. माणसांना गुण देण्याचा वापर पुढे वाढत गेला.

संदर्भ देण्याची कारणं अनेक. कोणी त्या कामावर आपलं काम उभं केलेलं असतं, कोणी त्यातली पद्धत वापरलेली असते, कोणी प्रस्तावनेत रिवाज म्हणून पाच नावं ओळीने लिहिलेली असतात, कोणी ते खोडून काढत असतं. मोजणाऱ्या यंत्राला ही सगळी सारखीच.

एच-इंडेक्स कसा काढतात?

किमान पाच सायटेशन्स असलेले पाच पेपर असतील तर एच-इंडेक्स ५, किमान सहा असलेले सहा असतील तर ६; असा जो सर्वात मोठा आकडा बसतो तो एच-इंडेक्स. तो काढायला पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा एकाच्या सात पेपरना अनुक्रमे १२०, ४५, १८, ९, ५, ५ आणि २ सायटेशन्स आहेत. पाचव्या पेपरला किमान पाच आहेत, पण सहाव्याला सहा नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ५. आय-टेन इंडेक्स म्हणजे किमान दहा सायटेशन्स असलेले पेपर, इथे ३. आता पहिल्या पेपरच्या १२० च्या १,२०० झाल्या तरी एच-इंडेक्स ५ च राहतो. एका मोठ्या शोधाला हा आकडा जवळजवळ काहीच वजन देत नाही. भर सगळा सातत्यावर आणि संख्येवर.

हा निर्देशक भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली सुचवला. तो कधी खाली येत नाही, माणूस निवृत्त झाला तरी वाढत राहतो. लेखकांच्या यादीत तुम्ही पहिले आहात की विसावे, हेही त्याला कळत नाही. पुढे हिर्श यांनी स्वतःच त्याच्या दुष्परिणामांबद्दल उघडपणे लिहिलं.

मग मेंदूविज्ञानात चांगला एच-इंडेक्स किती?

या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वय, उपशाखा, लॅबचा आकार, सहलेखकांची संख्या या चार गोष्टी माहीत नसतील तर तो आकडा काहीच सांगत नाही.

टोकाचं उदाहरण घेऊ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले कार्ल फ्रिस्टन यांचा गूगल स्कॉलरवरचा एच-इंडेक्स २०० च्या वर आहे आणि २०१६ साली सिमँटिक स्कॉलर या शोधसेवेने काढलेल्या प्रभावी मेंदूवैज्ञानिकांच्या क्रमवारीत ते पहिले होते. मेंदूच्या स्कॅन्सचं सांख्यिकी विश्लेषण करणारी एसपीएम ही पद्धत त्यांनी १९९० च्या दशकात उभी केली आणि जगभरातल्या इमेजिंग लॅब्ज ती वापरत आल्या. त्यांचं सैद्धांतिक कामही मोठं आहे. पण त्यांच्या आकड्याशेजारी माकडांच्या मेंदूत इलेक्ट्रोड ठेवून काम करणाऱ्या संशोधकाचा आकडा ठेवला, तर आपण दोन निराळ्या कामांची तुलना करत असतो. माकडांवरचा एक अभ्यास बहुधा दोनच प्राण्यांवर होतो, त्यांना काम शिकवण्यातच महिनोन्‌महिने जातात आणि पेपर यायला वर्षं लागतात. ते काम वाचून संदर्भ देणारा समुदायही लहान. माणसांच्या इमेजिंगचा समुदाय प्रचंड, मानसशास्त्रापासून मानसोपचारापर्यंत पसरलेला. तिथे सायटेशन्स आपसूक जास्त येतात.

तुलना करायचीच असेल तर त्याच उपशाखेतल्या, साधारण त्याच वर्षी पीएचडी झालेल्या चार-पाच जणांशी करा. मधे बालसंगोपनासाठी किंवा आजारपणासाठी रजा घेतली असेल, तर ती वर्षं वजा करा.

काही पेपरना हजारो सायटेशन्स असतात. ते सगळे मोठे शोध असतात का?

बहुतेक वेळा नाही. सर्व विज्ञानात सर्वाधिक सायटेशन्स मिळालेला पेपर आहे १९५१ सालचा, लाउरी आणि सहकाऱ्यांचा. त्यात द्रावणातलं प्रथिन मोजण्याची पद्धत आहे. २०१४ साली ‘नेचर’ने यादी केली तेव्हा त्याच्या सायटेशन्स तीन लाखांवर होत्या. पद्धत वापरली की संदर्भ द्यावा लागतो, म्हणून आकडा फुगतो.

मेंदूविज्ञानात याची उदाहरणं जागोजाग सापडतात. माणूस डावखुरा आहे की उजवा, हे ठरवणारी ओल्डफिल्ड यांची प्रश्नावली १९७१ ची. इमेजिंगच्या प्रयोगात सहभागी झालेल्यांची हाताची सवय नोंदवायची असली की तिचाच संदर्भ येतो. स्मृतिभ्रंशाची प्राथमिक तपासणी करणारी मिनी-मेंटल चाचणी १९७५ ची, तिचंही तसंच. पॅक्सिनोस आणि वॉटसन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेला उंदराच्या मेंदूचा नकाशासंग्रह शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी उघडा असतो, त्यामुळे पेपरमध्ये त्याचं नाव येतंच. अलीकडचं उदाहरण म्हणजे डीपलॅबकट: व्हिडिओतल्या प्राण्याचे पाय, नाक, शेपूट आपोआप टिपणारं सॉफ्टवेअर. २०१८ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये त्याचा पेपर आला आणि वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या लॅब्जनी ते झपाट्याने उचललं. वैद्यकीय बाजूला निदानाचे निकष हीच भूमिका बजावतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचे मॅकडोनाल्ड निकष २००१ पासून वेळोवेळी सुधारले गेले आणि दर आवृत्तीला सायटेशन्सचा पूर आला.

हे काम दुय्यम आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. चांगलं साधन देणारी माणसं शेकडो लॅब्जचं काम पुढे नेतात आणि पुरस्कारांच्या वेळी त्यांचीच नावं विसरली जातात. काही वेळा तर साधन आणि शोध वेगळे करताच येत नाहीत. प्रकाशाने चेतापेशी चालू-बंद करण्याचं ऑप्टोजेनेटिक्सचं तंत्र २००५ सालच्या ‘नेचर न्यूरोसायन्स’मधल्या पेपरने चेतापेशींत दाखवलं, आणि त्यानंतर प्रयोगांत कोणते प्रश्न विचारता येतात हेच बदलून गेलं. सांगायचं इतकंच की पद्धतीच्या पेपरचा आकडा वापर किती झाला ते सांगतो, आणि शोधाच्या पेपरची त्याच्याशी थेट तुलना होत नाही.

रिव्ह्यू लेख वेगळे मोजावेत का?

हो, नक्की. रिव्ह्यूला मूळ पेपरपेक्षा सरासरीने जास्त सायटेशन्स मिळतात, कारण लिहिणाऱ्याला दहा मूळ पेपरऐवजी एका रिव्ह्यूचा संदर्भ देणं सोपं जातं. एखाद्याचे सर्वाधिक सायटेशन्सचे पाचही पेपर रिव्ह्यू असतील, तर त्याने स्वतः केलेलं काम शोधून बघा.

लेखकांच्या यादीत नाव कुठे आहे याला महत्त्व आहे का?

मेंदूविज्ञानात खूप. पहिलं नाव सहसा प्रयोग केलेल्या आणि पेपर लिहिलेल्या व्यक्तीचं, बहुधा पीएचडीच्या विद्यार्थ्याचं किंवा पोस्टडॉकचं. शेवटचं नाव लॅबच्या प्रमुखाचं. मधली नावं मदतीची, पण ही मदत एका मोजमापापासून अख्ख्या विश्लेषणापर्यंत काहीही असू शकते. सैद्धांतिक कामात किंवा मोठ्या सहकार्यात हा क्रम मोडतो, काही ठिकाणी नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने येतात.

तरुण संशोधकाच्या यादीत पहिल्या नावाचे पेपर शोधावेत. स्वतंत्र लॅब सुरू करून काही वर्षं झाली असतील, तर शेवटच्या नावाचे, आणि त्यातही जुन्या गाईडचं नाव नसलेले. दोघांनी किंवा तिघांनी समान वाटा उचलला असेल तर पेपरवर तसं तारांकित लिहिलेलं असतं. पण गूगल स्कॉलरवर ती खूण दिसत नाही, त्यासाठी पेपरच उघडावा लागतो. समान वाट्यातलं दुसरं नाव असलेल्या मुलीचं किंवा मुलाचं श्रेय इथे हमखास हरवतं, आणि निवड समित्यांनी हे मुद्दाम तपासावं असं मला मनापासून वाटतं.

बऱ्याच जर्नल्समध्ये आता ‘क्रेडिट’ नावाची चौदा भूमिकांची यादी वापरतात: कल्पना कोणाची, प्रयोग कोणी केले, सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, निधी कोणी आणला. पेपरच्या शेवटी हा परिच्छेद असतो. दोन मिनिटांत वाचून होतो आणि नावांच्या क्रमापेक्षा जास्त माहिती देतो.

शेकडो लेखकांच्या पेपरचं काय करायचं? रोगभाराचे जागतिक अभ्यास किंवा मेंदू-इमेजिंगचे मोठे संघ यांत प्रत्येक लेखकाच्या खात्यात सगळ्या सायटेशन्स जमा होतात. असे पेपर असणं गैर नाही, पण एच-इंडेक्स त्यांच्याशिवाय किती उरतो ते काढून बघावं.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर संशोधकाबद्दल काय सांगतो?

फारच थोडं. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्या जर्नलमध्ये २०२२ आणि २०२३ साली आलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेल्या सायटेशन्स, भागिले त्या दोन वर्षांतल्या मोजणीपात्र लेखांची संख्या. ही सरासरी मूठभर पेपर वर ओढतात आणि बहुतेक पेपर तिच्या खालीच राहतात. शिवाय दोन वर्षांची खिडकी मेंदूविज्ञानातल्या संथ प्रयोगांसाठी फार अरुंद आहे. आजचा पेपर वाचून कोणी प्राण्यांवर प्रयोग सुरू केला, तर त्याचा पेपर छापून येईपर्यंत ती खिडकी बंद झालेली असते.

माणसाचं मूल्यमापन जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये, असं २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आखलेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं आहे आणि त्यावर जगभरातल्या संस्थांनी सह्या केल्या आहेत.

जर्नलचं नाव आणि त्यामागची माणसं यांचं नातं किती सैल असतं, हे मेंदूविज्ञानाने नुकतंच पाहिलं. ‘न्यूरोइमेज’ हे इमेजिंगमधलं अग्रगण्य जर्नल. लेखकांकडून घेतलं जाणारं प्रकाशनशुल्क अवाजवी आहे, ते कमी करा, अशी मागणी मान्य न झाल्याने एप्रिल २०२३ मध्ये त्याच्या चाळीसहून अधिक संपादकांनी एकत्र राजीनामे दिले आणि एमआयटी प्रेसबरोबर ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ हे नवं जर्नल काढलं. ज्ञान आणि परीक्षणाचा दर्जा त्या माणसांबरोबर गेला, जुना इम्पॅक्ट फॅक्टर मात्र नव्या जर्नलला मिळत नाही. ‘ईलाइफ’ने २०२३ पासून परीक्षणानंतर पेपर स्वीकारायचा की नाकारायचा हा निर्णय घेणंच बंद केलं, परीक्षणाला घेतलेले पेपर परीक्षकांच्या मतांसह छापले आणि त्यापायी पुढे इम्पॅक्ट फॅक्टर गमावला. त्या जर्नल्समध्ये छापणाऱ्या तरुण संशोधकांना याची झळ बसू नये, म्हणून समित्यांनी पेपर वाचायला हवेत.

जास्त सायटेशन्स म्हणजे निष्कर्ष खरा, असं धरायचं का?

नाही. मेंदूविज्ञानात याचे धडे इतके ठळक आहेत की ते सविस्तर सांगतो.

२००६ साली ‘नेचर’मध्ये अल्झायमरवरचा एक पेपर आला. अमायलॉइड बीटा प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार उंदरांची स्मृती बिघडवतो, असं त्याचं म्हणणं. त्याला अडीच हजारांच्या आसपास सायटेशन्स मिळाल्या. २०२२ मध्ये ‘सायन्स’ने केलेल्या पडताळणीत त्यातल्या प्रतिमांबद्दल गंभीर प्रश्न उभे राहिले आणि जून २०२४ मध्ये पेपर मागे घेतला गेला. अठरा वर्षं. या काळात त्या पेपरचा आधार घेऊन किती तरी विद्यार्थ्यांनी आपले प्रयोग आखले असतील, आणि ते जमले नाहीत तेव्हा चूक आपलीच आहे असं समजून ते थांबले असतील. संदर्भ देणाऱ्यांपैकी अनेकांनी तो निष्कर्ष स्वतः तपासलेला नव्हता.

दुसरी गोष्ट फसवणुकीची नाही, तरी तितकीच महत्त्वाची. २०१३ साली ‘नेचर रिव्ह्यूज न्यूरोसायन्स’मधल्या एका विश्लेषणात मेंदूविज्ञानातल्या अभ्यासांची सांख्यिकी ताकद मध्यकाने सुमारे २१ टक्के निघाली. म्हणजे परिणाम खरोखर असला तरी असा अभ्यास तो पाचांतून साधारण एकदाच पकडणार, आणि जो पकडला जाईल तो फुगलेला असण्याची शक्यता मोठी. असे फुगलेले, चकित करणारे निष्कर्षच मोठ्या जर्नलात जातात आणि लवकर सायटेशन्स मिळवतात.

तिसरी २०१६ ची. एफएमआरआय, म्हणजे काम करत असलेल्या मेंदूची स्कॅन्स, यांच्या विश्लेषणासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या तीन सॉफ्टवेअरची खऱ्या डेटावर चाचणी केली, तेव्हा काही मांडण्यांमध्ये खोट्या निष्कर्षांचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत गेलं. हा पेपर आणि त्यातला ‘४०,००० अभ्यासांवर प्रश्नचिन्ह’ हा भाग वर्तमानपत्रांत गाजला. लेखकांनी नंतर दुरुस्ती देऊन तो आकडा काढून टाकला, कारण बाधित अभ्यास त्याहून खूपच कमी होते. टीका करणाऱ्या पेपरचे आकडेही तपासून घ्यावे लागतात, हे त्यातून कळलं.

म्हणून मोठ्या सायटेशन्सचा पेपर हाती आला की तो मागे घेतलाय का, त्यावर दुरुस्ती आहे का, दुसऱ्या लॅबने तेच पुन्हा करून पाहिलंय का, हे बघावं. पबमेडवर मागे घेतलेल्या पेपरवर ठळक सूचना असते. नामवंत गाईडच्या यादीत पुनःप्रयोगात टिकलेलं काम किती, हे मला त्याच्या एच-इंडेक्सपेक्षा जास्त कळीचं वाटतं.

याच्या उलट, महत्त्वाचं काम आकड्यांत दिसतच नाही असं होतं का?

होतं, दोन तऱ्हांनी.

एक, काम काळाच्या पुढे असतं. हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युतलहरी टिपल्याचं १९२९ साली प्रसिद्ध केलं. बहुतेकांना ते पटलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तेच दाखवल्यावर या तंत्राला, म्हणजे ईईजीला, मान्यता मिळाली. त्या मधल्या पाच वर्षांत आकडे बघून कोणी बर्गरना निधी दिला नसता. ओ’कीफ आणि डोस्ट्रोव्स्की यांचा १९७१ चा पेपर असाच छोटेखानी. उंदीर ठरावीक जागी आला की मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ठरावीक पेशी पेटतात, हे त्यात होतं. प्राथमिक पुरावा अशीच त्याची मांडणी होती. मोझर दांपत्याच्या लॅबने २००५ मध्ये जागेचं भान देणाऱ्या आणखी एका प्रकारच्या पेशींचा, ग्रिड पेशींचा, शोध जाहीर केला, आणि २०१४ चं नोबेल ओ’कीफ आणि मोझर दांपत्याला मिळून दिलं गेलं.

दोन, काम इतकं रुजतं की त्याचा संदर्भ देणं थांबतं. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’तल्या पेपरमालिकेत चेतापेशीतला विद्युतसंदेश कसा निर्माण होतो हे समीकरणांनी मांडलं. आज ते पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात आहे, आणि हा संदेश घडवणाऱ्या पेशीपटलातल्या सोडियम वाहिनीवर लिहिणारे अनेक जण मूळ पेपरचं नाव घेत नाहीत. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकाराची नोंद करून ठेवली आहे. आधीच नावाजलेल्याला आणखी श्रेय मिळतं, यावरचा त्यांचा १९६८ चा लेखही सायटेशन्स वाचणाऱ्याने मनात ठेवावा असाच.

स्वतःच्याच पेपरचा संदर्भ देणं चुकीचं आहे का?

मुळीच नाही. पंधरा वर्षं एकाच मज्जाजालावर काम करणारा माणूस आधीच्या कामाचा उल्लेख करणारच. प्रमाण त्याच उपशाखेतल्या इतरांपेक्षा खूपच वेगळं दिसलं तर विचारावं. स्कोपसमध्ये स्व-संदर्भ वगळून आकडा बघता येतो. एकमेकांना सायटेशन्स द्यायचा गटागटांत झालेला करार किंवा परीक्षकाने ‘माझे हे चार पेपर घाला’ म्हणणं, हे मात्र सरळ अनैतिक आहे आणि संपादकाला कळवायला हवं.

स्त्री संशोधकांच्या सायटेशन्स कमी का दिसतात?

कामाच्या दर्जामुळे नव्हे. २०२० साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात मेंदूविज्ञानातल्या पाच प्रमुख जर्नल्सच्या १९९५ ते २०१८ या काळातल्या संदर्भसूची तपासल्या होत्या. पेपरचं वर्ष, जर्नल, लेखकांचा अनुभव असे घटक जमेस धरूनही पहिलं आणि शेवटचं नाव पुरुषांचं असलेल्या पेपरना अपेक्षेपेक्षा जास्त संदर्भ मिळत होते, स्त्रियांच्या पेपरना कमी. पुरुष लेखकांच्या संदर्भसूचींत हा कल जास्त होता. क्षेत्रात स्त्रियांची संख्या वाढत असतानाही तफावत मिटत नव्हती.

याचा अर्थ एच-इंडेक्सची किमान पातळी ठरवून अर्ज चाळणारी समिती हा अन्याय नकळत पुढे नेते. काही लेखक आता आपल्या संदर्भसूचीचा लिंगनिहाय हिशेब पेपरच्या शेवटी देतात. चांगली सुरुवात आहे.

उपशाखेचा फरक जमेस धरणारा एखादा निर्देशक आहे का?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बनवलेलं सापेक्ष सायटेशन गुणोत्तर, म्हणजे आरसीआर, त्यातल्या त्यात बरं. एखाद्या पेपरसोबत ज्या पेपरचे संदर्भ दिले जातात, त्यांवरून त्याचं क्षेत्र ठरतं आणि त्या क्षेत्राच्या अपेक्षेशी तुलना होते. १ म्हणजे त्या संस्थांच्या निधीतून झालेल्या पेपरइतका, २ म्हणजे दुप्पट. आयसाइट या मोफत संकेतस्थळावर पबमेडचा क्रमांक टाकला की मिळतं. ते एकेका पेपरसाठी आहे, माणसाची सरासरी काढायला नाही.

‘जगातले अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ’ या यादीत नाव असणं किती मोठी गोष्ट?

ही यादी जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या डेटावरून बनवतात. सहा निर्देशकांचा मिळून एक गुण काढतात आणि त्यात एकट्याने, पहिल्या नावाने किंवा शेवटच्या नावाने लिहिलेल्या पेपरना वजन असतं, ही तिची जमेची बाजू. स्व-संदर्भ वगळूनही आकडे दिलेले असतात. कारकिर्दीची यादी वेगळी आणि एका वर्षाची वेगळी. बातम्यांमध्ये हा फरक जवळजवळ कधीच सांगितला जात नाही, तो विचारून घ्यावा. यादीत असणं म्हणजे पुष्कळ वाचलं जाणारं काम आहे. नसण्यावरून मात्र काही ठरत नाही, विशेषतः तरुणांच्या बाबतीत.

प्रीप्रिंट मोजावेत का?

मोजावेत, वेगळ्या रकान्यात. बायोआर्काइव्ह २०१३ साली सुरू झालं आणि तिथे सर्वाधिक प्रीप्रिंट मेंदूविज्ञानाचेच आहेत. परीक्षण व्हायचं असलं तरी वाचून मत बनवता येतं, आणि पीएचडी संपत आलेल्या विद्यार्थ्यासाठी तो कधी कधी एकमेव पुरावा असतो. एकाच कामाचा प्रीप्रिंट आणि पेपर असे दोनदा मोजले गेले नाहीत ना, एवढं बघावं.

बातम्या आणि समाजमाध्यमांतल्या उल्लेखांचे आकडे?

लक्ष किती वेधलं ते कळतं. मेंदू आणि प्रेम, मेंदू आणि चॉकलेट अशा विषयांना ते सहज मिळतं. निवडीसाठी वापरू नयेत.

मला पीएचडीसाठी गाईड निवडायचा आहे. तासाभरात काय बघू?

आधी गेल्या पाच-सहा वर्षांचे पेपर काढा, जुनी कीर्ती बाजूला ठेवा. त्यांतल्या पहिल्या लेखकांची नावं लिहून घ्या आणि ती माणसं आज कुठे आहेत ते शोधा. लॅबमधल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या नावाचा निदान एक पेपर मिळतो का, की एक-दोन लाडक्यांनाच मिळतात, हे यातून स्पष्ट दिसतं, आणि तुमच्या पुढच्या आयुष्यासाठी ते गाईडच्या एच-इंडेक्सहून मोठं आहे. मग दोन पेपर नीट वाचा: एक गाजलेला, एक न गाजलेला. न गाजलेल्या पेपरमध्ये नमुना किती होता, नकारात्मक निकाल प्रामाणिकपणे लिहिलेत का, डेटा आणि कोड खुला केलाय का. शेवटी लॅबमधून बाहेर पडलेल्या एखाद्याला पत्र लिहून विचारा. उत्तरं बहुतेक वेळा येतात.

माझी स्वतःची नोंद मी कशी सांभाळू?

पहिला पेपर पाठवण्याआधी ऑर्किड क्रमांक काढा आणि नावाचं एकच रूप ठरवा: मधलं नाव लिहायचं की आद्याक्षर, लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही. पुढे बदललंत तरी ऑर्किडवर दोन्ही नावं जोडता येतात. गूगल स्कॉलरवर पेपर आपोआप जोडणं बंद करून स्वतः मंजुरी द्या. स्कोपसमध्ये तुमच्या नावाची दोन खाती झाली असतील तर ती एकत्र करण्याची विनंती पाठवता येते, काम थोड्या दिवसांत होतं. अर्जात पाच पेपर निवडून प्रत्येकाखाली तीन ओळी लिहा: प्रश्न काय होता, काय सापडलं, त्यात तुम्ही स्वतः काय केलंत. मधल्या नावाच्या पेपरमध्ये सगळं विश्लेषण तुमचं असेल, तर ते तिथे निःसंकोच लिहा.